वाद्यांची रेलचेल, वादनाची वानवा

इलेक्ट्रिक गिटारच्या व्यापारात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत असा एक ग्राहकवर्ग ठळकपणे पुढे आला आहे, की ज्याच्याकडील वाद्यांची संख्या त्याच्या वादनाच्या गरजेशी कोणत्याही हिशेबाने जुळत नाही. घरी पाच-सहा गिटार, दोन-तीन ॲम्प्लिफायर आणि ‘पेडल’ म्हणून ओळखली जाणारी, पायाने चालू-बंद करावयाची व आवाजाला निरनिराळे वळण देणारी डझनभर छोटी यंत्रे असूनही हा ग्राहक सुटीच्या दिवशी दुकानात येतो, भिंतीवर टांगलेले एखादे वाद्य उतरवून घेतो, पाठ असलेल्या दोन-चार ओळी वाजवून पाहतो आणि पुष्कळदा आणखी एक खरेदी करून परततो. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपान या देशांतील गिटारविक्रीचा मोठा भार हाच ग्राहक वाहतो, आणि त्याच्या या सवयीविषयी तो स्वतः व दुकानदार दोघेही हसतखेळत बोलतात.

या हसण्याला एक नावही आहे. ‘स्टीली डॅन’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे वॉल्टर बेकर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘गिटार प्लेअर’ या मासिकात लिहिताना या प्रवृत्तीला थट्टेने रोगाचा दर्जा दिला. ‘गिटार ॲक्विझिशन सिन्ड्रोम’, म्हणजे गिटार जमवीत राहण्याचा विकार, हे ते नाव. त्याच्या आद्याक्षरांपासून ‘गॅस’ हे लघुरूप झाले, आणि पुढे ‘गिटार’च्या जागी ‘गिअर’, म्हणजे सर्व प्रकारची साधनसामग्री, हा व्यापक शब्द आला. यान-पीटर हेर्ब्स्ट आणि योनास मेंत्से या अभ्यासकांनी २०२१ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून तर ही थट्टा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाली आहे. तथापि अनावर खरेदीचे जे वर्णन एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी केले, त्यात माणूस कर्जात बुडतो आणि तरीही त्याला थांबता येत नाही. गिटारच्या दुकानातील बहुसंख्य ग्राहक त्या अर्थाने रुग्ण नाहीत. ते नोकरी सांभाळतात, हप्ते वेळेवर फेडतात, आणि जुने वाद्य विकून नव्याची सोय लावण्याइतके व्यवहारीही असतात. त्यामुळे रोगाची ही भाषा वस्तुस्थितीचे वर्णन करण्यापेक्षा सर्वांची सोय अधिक करते: विकार म्हटला की ग्राहकावर जबाबदारी राहत नाही, आणि विक्रेत्याला तर कोणी काही विचारीतच नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे, की हा हव्यास व्यक्तीच्या स्वभावदोषातून थोडा आणि वादनाला समाजात असलेले स्थान आक्रसत गेल्यामुळे फार अधिक उपजला आहे. वाद्य इतरांच्या कानांसाठी वाजत होते तोवर त्याची परीक्षा कामात होत होती. ते बंद खोलीत एकट्यासाठी वाजू लागले, की त्याची परीक्षा दुसऱ्या वाद्याशी तुलना करूनच घ्यावी लागते, आणि ही परीक्षा कधी संपत नाही.

या व्यवस्थेचा आर्थिक पाया फेंडर या आघाडीच्या कंपनीच्या प्रमुखांनीच उघडपणे सांगितलेला आहे. २०१५ मध्ये कंपनीची धुरा हाती घेतलेले अँडी मूनी यांच्या निवेदनांनुसार, दरवर्षी विकल्या जाणाऱ्या गिटारपैकी सुमारे ४५ टक्के गिटार पहिल्यांदाच वाद्य हाती घेणारे लोक नेतात, त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात वादन सोडून देतात, आणि जे १० टक्के टिकतात त्यांपैकी प्रत्येक जण आयुष्यभरात सुमारे १०,००० डॉलर या छंदावर खर्च करतो. कंपनीने २०१७ मध्ये ‘फेंडर प्ले’ ही शिकवणी सुरू केली ती याच हिशेबातून. गळती थोडी जरी थांबली तरी भावी खरेदीदारांची संख्या वाढणार होती. गळतीचा दोष अर्थात कंपन्यांवर लादता येणार नाही, कारण कोणतेही वाद्य शिकणे कष्टाचे असते आणि लोखंडी तारांवर बोटे दुखतात. परंतु ज्या धंद्यात दहांतील नऊ नवी गिऱ्हाइके परत फिरकत नाहीत, त्याला उरलेल्या एकाचे समाधान परवडत नाही, एवढे मात्र या आकड्यांतून निष्पन्न होते. चांगली गिटार बिघडत नाही, झिजते फार सावकाश, आणि नीट निगा राखल्यास मालकाच्या पश्चातही वाजते. अशी टिकाऊ वस्तू त्याच माणसाला पुनःपुन्हा विकायची, तर तिच्यात काहीतरी कमी आहे ही भावना त्याच्या मनात सतत तेवत ठेवावी लागते. दरवर्षी बाहेर येणाऱ्या नव्या आवृत्त्या, नामांकित वादकांच्या सहीची वाद्ये आणि ठरावीक संख्येपुरतेच काढलेले रंग हे काम चोख बजावतात.

दुकान नेहमीच असे नव्हते. जिम मार्शल या ढोलवादकाने १९६० मध्ये लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल भागात ड्रमचे दुकान काढले, तेव्हा ढोलवादकांबरोबर येणारे तरुण गिटारवादक त्याच्याकडे गिटार आणि ॲम्प्लिफायरही ठेवण्याचा आग्रह धरू लागले. त्यांना हवा असलेला आवाज अमेरिकेहून येणाऱ्या महागड्या यंत्रांतूनही पुरता मिळत नसल्यामुळे दुकानातील तंत्रज्ञांनी फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या यंत्राची मांडणी समोर ठेवून स्वतःचा ॲम्प्लिफायर तयार केला. पुढे ‘द हू’ या वृंदाच्या पीट टाउनशेंडला श्रोत्यांच्या गोंगाटावर मात करणारा आवाज हवा होता, म्हणून १९६५ च्या सुमारास १०० वॉटचे यंत्र आणि त्याखालचे ध्वनिक्षेपकांचे उंच खोके आले. रॉक संगीताचा परिचित भारदस्त आवाज अशा रीतीने ग्राहक आणि दुकानदार यांच्या बोलण्यातून जन्मला. मात्र तो ग्राहक आदल्या रात्री कुठल्यातरी सभागृहात वाजवून आलेला असे, आणि आपल्या वाद्याला नेमके काय जमले नाही हे तो दुसऱ्या दिवशी दुकानात सांगत असे. न्यूयॉर्कमध्ये ४८ व्या रस्त्यावर १९३५ मध्ये निघालेले ‘मॅनीज’ हे दुकानही तसेच होते. ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिलमोरने आपली पुढे जगप्रसिद्ध झालेली काळी ‘स्ट्रॅटोकॅस्टर’ ही फेंडरची गिटार १९७० मध्ये तिथूनच, मांडणीतला एक सर्वसाधारण नग म्हणून, विकत घेतली होती. मॅनीज २००९ मध्ये बंद झाले. ती गिटार २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली, आणि गिलमोरने लिलावाचे उत्पन्न हवामानबदलाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला दिले.

मार्शलचे तेच १०० वॉटचे यंत्र आज कुठे आढळते हे पाहिले, म्हणजे मधल्या काळात काय घडले ते ध्यानात येते. या यंत्रात ध्वनिसंकेत वाढविण्यासाठी निर्वात नळ्या वापरलेल्या असतात. त्यांच्यावर क्षमतेपलीकडे ताण आला, की स्वर किंचित फाटतो, भरीव होतो आणि लांबतो, व गिटारवादकांना मोह पडतो तो याच फाटलेपणाचा. परंतु हा ताण यंत्र मोठ्या आवाजावर चालवल्याशिवाय येत नाही, आणि सदनिकेत, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असताना, ते तसे चालवता येत नाही. लग्नाच्या पंगतीचे पातेले दोघांच्या भातासाठी चुलीवर चढवावे तशी ग्राहकाची गत होते. मग पुढची खरेदी सुरू होते. आवाज न वाढवता स्वर फाडून देणारे एक पेडल येते. त्याने समाधान होत नाही म्हणून यंत्राची शक्ती मधल्यामध्ये जिरवणारे उपकरण येते. त्यापाठोपाठ ५ वॉटचा छोटा ॲम्प्लिफायर येतो, आणि अखेरीस हा छोटा ॲम्प्लिफायर मोठ्यासारखा वाजत नाही म्हणून तो विकला जातो. यांतील प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूने उभ्या केलेल्या अडचणीवरचा उपाय असते, आणि मूळ अडचण, म्हणजे सभागृहासाठी बनलेल्या आवाजाला सभागृहच उरलेले नाही ही गोष्ट, कोणत्याही दुकानात सुटण्यासारखी नसते.

गरज हेच या खरेदीचे कारण असते, तर संगणकीय तंत्रज्ञानाने तिचा निकाल केव्हाच लावला असता. ‘लाइन ६’ कंपनीने १९९८ मध्ये ‘पॉड’ नावाचे छोटे यंत्र काढले. त्यात अनेक नामांकित ॲम्प्लिफायरांच्या आवाजाची गणिती नक्कल साठवलेली होती आणि ते हेडफोन लावून मध्यरात्रीही वाजवता येत असे. त्यानंतर २००६ मध्ये ‘ॲक्स-एफएक्स’ आणि पुढील दशकाच्या आरंभी ‘केम्पर’ ही यंत्रे आली, ज्यांनी नक्कल इतकी हुबेहूब केली की मोठमोठे वृंदही आपले जड ॲम्प्लिफायर घरी ठेवून ती दौऱ्यावर नेऊ लागले. एका पेटीत शंभर ॲम्प्लिफायर मिळाल्यावर खरेदी थांबायला हवी होती. झाले ते असे, की त्या पेटीत भरावयाच्या ध्वनिप्रतिकृती स्वतंत्रपणे विकल्या जाऊ लागल्या, त्यांचेही संग्राहक तयार झाले, आणि त्याच काळात जुन्या निर्वात नळ्यांच्या यंत्रांच्या किमतीही वाढत राहिल्या. ज्या मागणीचे समाधान झाल्यावर ती वाढते, ती मागणी त्या वस्तूसाठी नसते, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

मग ती कशासाठी असते? थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेली प्रदर्शनी उपभोगाची, म्हणजे लोकांना दिसावे म्हणून खर्च करण्याची कल्पना इथे अर्धीच लागू पडते. गाडी किंवा घड्याळ चारचौघांत मिरवता येते. पेटीत बंद करून कपाटामागे ठेवलेली सातवी गिटार पाहणार कोण? कॉलिन कॅम्पबेल या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९८७ च्या आपल्या ग्रंथात केलेले विवेचन अधिक जवळचे वाटते. त्यांच्या मते आधुनिक ग्राहकाचे सुख वस्तूच्या वापरात नसून ती हाती येण्यापूर्वी तिच्याभोवती विणलेल्या दिवास्वप्नात असते. वस्तू हाती आली की प्रत्यक्ष अनुभव स्वप्नापुढे फिका पडतो, आणि मन निराश होण्याऐवजी पुढच्या, अजून न मिळालेल्या वस्तूकडे वळते. गिटारच्या बाबतीत या स्वप्नाचा नायक कोण, हेही सांगता येते: ज्याला रोज दोन तास रियाझ करायला मिळाले असते आणि चार साथीदार लाभले असते, असा तो स्वतःच. या ग्राहकांतील पुष्कळांना तरुणपणी वेळ होता आणि पैसा नव्हता. चाळिशी-पन्नाशीत पैसा आला तेव्हा वेळ संपलेला होता. वेळ विकत मिळत नसल्यामुळे वेळ असता तर जे लागले असते ते विकत घेतले जाते. शिवाय रियाझाची प्रगती कूर्मगतीने होते, कधी मागेही जाते, आणि ती कुणाला दाखवता येत नाही, उलट खरेदीची प्रगती तारखेसह पावतीवर छापलेली असते.

या स्वप्नाला लागणारा कच्चा माल इतिहासातून येतो. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५४ मध्ये स्ट्रॅटोकॅस्टर बाजारात आणली तेव्हा तिची किंमत अडीचशे डॉलरच्या आत होती, आणि ती सुट्या भागांत सहज खोलता येणारी, कारखान्यात झपाट्याने बनणारी, कामकरी वादकांची वस्तू होती. १९६५ च्या आरंभी फेंडर यांनी कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएस या प्रक्षेपणसमूहाला विकली, आणि त्यानंतरच्या मालाची गुणवत्ता घसरली या समजुतीतून विक्रीपूर्व काळातील वाद्यांना जवळजवळ पवित्र स्थान मिळाले. सत्तरच्या दशकातील काही वाद्यांच्या बाबतीत ही तक्रार रास्तही होती. पण गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने वूडस्टॉकच्या संगीतमहोत्सवात १९६९ मध्ये जी पांढरी स्ट्रॅटोकॅस्टर वाजवली, ती विक्रीनंतरच्या काळातली, दुकानातून आणलेली नवी गिटार होती. गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ या वाद्याची कथाही अशीच आहे. १९५८ ते १९६० या काळात सूर्यास्ताच्या रंगछटेत निघालेले सुमारे दीड हजार नग तेव्हा फारसे खपले नाहीत, म्हणून कंपनीने तो नमुना बंद केला. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या वृंदासह केलेल्या ध्वनिमुद्रणात तो वाजवल्यावर लोकांना त्याचा शोध लागला, आणि आज त्यांतील एकेक नग लाखो डॉलरला जातो. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी फेंडर कंपनीच्या खास विभागाने १९९५ पासून नवी गिटार मुद्दाम घासून, खरचटवून, तिचे धातूचे भाग गंजवून विकण्याची पद्धत सुरू केली. दुसऱ्याने तीस वर्षे वाजवल्याच्या खुणा अशा रीतीने अधिक किंमत देऊन घेता येतात.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनची गोष्ट यापुढची पायरी आहे. त्याला हवी तशी गिटार कोणत्याच दुकानात मिळेना, म्हणून त्याने सत्तरच्या दशकात ५० डॉलरचे सदोष खोड आणि ८० डॉलरची मान आणून, दुसऱ्या गिटारमधील पिकअप, म्हणजे तारांची कंपने विद्युत्संकेतात बदलणारे चुंबकीय वेटोळे, तिच्यात बसवले आणि वर चिकटपट्ट्या लावून रंगाचे पट्टे ओढले. २००७ मध्ये त्याच गिटारच्या, प्रत्येक ओरखड्यासह उतरवलेल्या ३०० प्रतिकृती निघाल्या, आणि प्रत्येकीची किंमत होती २५,००० डॉलर. खरेदीने गरज भागत नाही म्हणून स्वतः वाद्य जोडणाऱ्या माणसाचे वाद्य खरेदी करून त्याच्यासारखे व्हावे, यातली विसंगती ग्राहकांना दिसत नसेल असे नाही. ती दिसूनही खरेदी होते, आणि तेच या संस्कृतीचे वैशिष्ट्य आहे.

पेडलच्या बाबतीत हे सारे आणखी छोट्या प्रमाणावर आणि म्हणून अधिक स्पष्टपणे दिसते. बिल फिनेगन या अमेरिकी तंत्रज्ञाने १९९४ पासून ‘क्लॉन सेंटॉर’ नावाचे पेडल हाताने जोडून विकले. एकूण सुमारे आठ हजार नग निघाले, आणि आतील मांडणीची नक्कल होऊ नये म्हणून त्याने ती कठीण लुकणाच्या थराखाली झाकली होती. उत्पादन थांबल्यावर या पेडलची जुन्या बाजारातील किंमत हजारो डॉलरवर गेली, त्याच्या असंख्य नकला निघाल्या, आणि मूळ नगात वापरलेल्या डायोडमध्येच सारी किमया आहे असा समज दृढ झाला. फिनेगनने २०१२ मध्ये नवी आवृत्ती काढली तेव्हा तिच्या वरच्या पत्र्यावरच असा मजकूर छापला, की लोकांना खटकणारा हा अवास्तव गाजावाजा त्याने केलेला नाही. निर्मात्याने आपल्याच मालावर छापलेली ही नापसंती व्यापाराच्या इतिहासात विरळाच असेल. तिचा परिणाम मात्र उलटा झाला. त्या वाक्यामुळे नवे पेडलही संग्रहणीय ठरले.

या सर्व व्यवहाराचा आधार असलेली श्रद्धा अशी, की ‘टोन’, म्हणजे भारतीय संगीतविचारात ज्याला नादाची जात म्हणतात तो स्वराचा गुण, वस्तूत वसतो. ही श्रद्धा तपासून पाहिली गेली आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी व्हायोलिनवादकांना दिसणार नाही अशा बेताने घेतलेल्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१२ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, निष्णात वादकांना स्ट्रॅडिव्हेरियससारखी जुनी वाद्ये आणि नवी वाद्ये यांतला भेद खात्रीने ओळखता आला नाही, आणि पसंती बव्हंशी नव्या वाद्यांना मिळाली. ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५२ गिटारवादकांना अंधुक प्रकाशात वेल्डरचे चष्मे लावून सहा अकुस्टिक गिटार वाजवायला दिल्या. त्या सर्व बाबतींत सारख्या होत्या, फक्त पाठीचे आणि कडांचे लाकूड वेगवेगळे होते. दुर्मिळ ब्राझिलियन रोझवूड आणि स्वस्त लाकडे यांत वादकांना उल्लेखनीय फरक जाणवला नाही.

हा शेवटचा प्रयोग भारतीय वाचकाला जरा अधिक जवळचा वाटायला हवा. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर मार्टिन या अमेरिकी कंपनीने १९६९ पासून आपल्या बहुतेक गिटारसाठी भारतीय रोझवूड वापरायला घेतले, आणि इतर कारखान्यांनीही तोच मार्ग धरला. हे झाड म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारी शिसव. मराठी घरांत जिचे जुने पलंग, पेट्या आणि देव्हारे अजून पाहायला मिळतात तीच. ब्राझिलियन जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला. २०१७ मध्ये शिसवीसह त्या प्रजातीतील सर्व जातींवर परवान्याचे निर्बंध आले, आणि वाद्यनिर्मात्यांच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. त्याआधी, २०११ मध्ये, भारतातून गेलेल्या शिसव व एबनीच्या फळ्यांवरून अमेरिकी संघीय अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले होते. फर्निचर उद्योगाच्या तुलनेत गिटारला लागणारे लाकूड अल्प आहे, हे खरे. तरीही डोळे झाकल्यावर न कळणाऱ्या फरकासाठी दशकानुदशके वाढलेले झाड तोडले जाते, आणि त्याची गिटार न वाजता पेटीत पडून राहते, हे सत्य अल्प म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

या विवेचनावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा, की वाद्यावाद्यांत फरक असतोच, आणि तो नाकारणे हे न वाजवणाऱ्याचे लक्षण आहे. आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. तारा मानेपासून फार उंच असलेली, सुरात न राहणारी निकृष्ट गिटार नवशिक्याची बोटे सोलते आणि त्याला घालवून देते. पण संगणकनियंत्रित यंत्रांनी लाकूड कापले जाऊ लागल्यापासून इंडोनेशिया आणि चीनमधील कारखान्यांत बनणारी स्वस्त वाद्येही आता नेटकी वाजतात, म्हणजे गुणवत्तेतले अंतर कमी होत गेले त्याच काळात खरेदी वाढत गेली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हाताने वाद्ये घडवणारे कितीतरी छोटे कारागीर या हौशी ग्राहकांच्याच जिवावर तगून आहेत. त्याला उत्तर नाही, आणि देण्याचे कारणही नाही. संख्येवरून कुणाला दोष देणेही चुकीचे ठरेल. अमेरिकी गायक-वादक विली नेल्सन १९६९ पासून एकाच गिटारवर वाजवीत आला, इतका की तिच्या लाकडाला भोक पडले. गिटारवादक जो बोनामासाकडे शेकडो जुनी वाद्ये आहेत आणि तो ती रंगमंचावर वाजवतो. दोघांच्याही वाद्यांना श्रोता आहे, आणि प्रस्तुत युक्तिवादाच्या दृष्टीने ते दोघे एकाच बाजूचे आहेत.

श्रोता नसल्याचा एक परिणाम दुकानाच्या वातावरणावरही झाला. तुलना हीच कसोटी उरल्यावर दुकानातील बोलणे आकडे, वर्षे आणि सुट्या भागांविषयी होऊ लागले, व ज्याला हे तपशील पाठ तो जाणकार ठरू लागला. या जाणकारीचा पुरुषी तोरा स्त्रियांना फार काळ दुकानाबाहेर ठेवत आला. गिटार पाहायला आलेल्या स्त्रीला ती कुणासाठी हवी आहे असे विचारले जाणे ही सार्वत्रिक तक्रार आहे. फेंडरनेच २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी निम्म्या स्त्रिया होत्या, आणि पहिली गिटार दुकानात जाऊन घेण्याऐवजी घरी मागवणे त्यांतील कित्येकींना अधिक सोयीचे वाटे. दुकानदारांनी ज्या ग्राहकाची मर्जी राखली तो वयाने वाढत गेला, आणि ज्याला ताटकळत ठेवले तो दुसरीकडे गेला.

मुंबईत वाद्ये थोडी आणि वादनाची कामे पुष्कळ, अशी उलट परिस्थिती दीर्घकाळ होती. धोबी तलावच्या जेर महालमधील, १८६५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या ‘फुर्टाडोज’च्या दुकानात येणारे गोमंतकीय वादक गावच्या चर्चशी जोडलेल्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेले असत, आणि हॉटेलांतील जॅझ वृंदांत किंवा हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळ्यांत पोटासाठी वाजवीत. आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी वाद्य मिळणे मुश्किल होते, आणि मिळाले तर ते जन्मभर पुरवायचे असे. त्या टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही; तिने अनेकांना हवे ते वाद्य कधीच मिळू दिले नाही. पण वाद्य रोज ध्वनिमुद्रणाला न्यावे लागत असल्यामुळे दुसऱ्या वाद्याचा विचार करायला त्या वादकांना उसंत नव्हती. १९९१ नंतर निर्बंध सैल झाले, आणि आता मुंबई-पुण्यातील पगारदार तरुणांच्या खोल्यांतही पेडलच्या रांगा दिसू लागल्या आहेत. त्या प्रमाणात वाजवण्याच्या जागा या शहरांत वाढलेल्या नाहीत.

पुन्हा दुकानाकडे वळायचे, तर अमेरिकेतील ‘सॅम ॲश’ ही दुकानांची साखळी १९२४ मध्ये ब्रुकलिनमध्ये एका छोट्या दुकानाने सुरू झाली आणि बरोबर १०० वर्षांनी, २०२४ मध्ये, तिने उरलेली सर्व दुकाने बंद केली. महासाथीच्या २०२० या वर्षी, जेव्हा सभागृहे बंद होती आणि प्रत्येक जण आपल्या खोलीत होता, फेंडरने आपल्या इतिहासातील सर्वाधिक विक्री नोंदवली होती. म्हणजे दुकाने बुडाली ती मागणी आटल्यामुळे नव्हे. गुदामातून थेट घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांपुढे केवळ विक्री करणारे दुकान टिकणार नाही, आणि ते टिकावे असा आग्रह धरण्याचेही कारण दिसत नाही. टिकण्याची पात्रता आहे ती ज्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवणी चालते, जिथे जुन्या वाद्याच्या तारा योग्य उंचीवर बसवून देणारा कारागीर बसतो, आणि जिथे संध्याकाळी चार अनोळखी माणसांना एकत्र वाजवायला जागा मिळते, अशा दुकानाची. ग्राहकांनी आठव्या गिटारचे पैसे या तीन कामांसाठी दुकानदाराच्या हाती ठेवले, तर तशी दुकाने उभी राहू शकतात, आणि कपाटामागच्या सात गिटारांपैकी एखादी बाहेरही निघेल.